विश्लेषण : सरासरीच्या आड दडलेले हवामान
‘शंभर वर्षांतून एकदा’ येणारा पाऊस, पवनचक्कीचे कर्ज आणि फळबागेचा विमा : तिन्हींचा निकाल लावणारा गणिती वक्र नागरिकांसमोर का येत नाही?

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४.२ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच २४ तासांत वीसेक किलोमीटरवरच्या कुलाब्यात नोंद झाली जेमतेम ७३ मिलिमीटर. शेकडो माणसे दगावली, शहर ठप्प झाले. त्यानंतर प्रत्येक चौकशीत, प्रत्येक चर्चेत एक प्रश्न विचारला गेला : असा पाऊस किती वर्षांतून एकदा येतो? उत्तरे अनेक आली आणि त्यांत प्रचंड तफावत होती. आकाशातून पडलेले पाणी तेच, पर्जन्यमापकही तोच. तरी उत्तरे वेगळी, कारण प्रत्येकाने जुन्या नोंदींवर बसवलेला गणिती वक्र वेगळा होता. हा वक्र म्हणजेच संभाव्यता वितरण. गटाराची रुंदी, पवनऊर्जा प्रकल्पाचे कर्ज आणि द्राक्ष-डाळिंबाचा विमा या साऱ्यांचा हिशेब त्यावर बेतलेला असतो. मात्र तो कोणी, कोणत्या नोंदींवरून आणि कोणते गृहीतक धरून आखला, हे सहसा जाहीर होत नाही.

संभाव्यता वितरण म्हणजे काय?

इथले ‘वितरण’ हे वीज वितरण कंपनीचे नव्हे. एखादी राशी, म्हणजे दिवसाचा पाऊस, वाऱ्याचा वेग किंवा विजेची मागणी, कोणकोणती मूल्ये घेऊ शकते आणि प्रत्येक मूल्याची शक्यता किती, याचा संपूर्ण आराखडा म्हणजे वितरण. सरासरी हा या आराखड्यातला एकच आकडा. दोन गावांचा वार्षिक सरासरी पाऊस ६०० मिलिमीटर असू शकतो. पण एका गावात तो ४५ दिवसांत मुरत मुरत पडतो आणि दुसऱ्या गावात आठ-दहा मुसळधार दिवसांत वाहून जातो. सरासरीच्या तक्त्यात दोन्ही गावे सारखीच दिसतात. शेतकऱ्याला, धरणाच्या अभियंत्याला आणि विमा कंपनीला मात्र ती पूर्णपणे वेगळी असतात.

प्रत्यक्षात हाती असतात त्या केवळ नोंदी : तीस, पन्नास, फार तर शंभर वर्षांच्या. त्यांवरून न घडलेल्या घटनांची शक्यता सांगायची तर नोंदींच्या ठिपक्यांमधून एखादा सुबक वक्र जावा लागतो. यालाच ‘वितरण बसवणे’ म्हणतात. हा वक्र नोंदींच्या पलीकडेही जातो आणि तिथेच त्याचा उपयोगही असतो व धोकाही.

घंटेच्या आकाराचा वक्र का चालत नाही?

शाळा-महाविद्यालयात शिकवला जाणारा वक्र घंटेसारखा : मध्ये उंच, दोन्ही बाजूंना सारखा उतरता. माणसांच्या उंचीला तो चालतो. देशभराच्या चार महिन्यांच्या मोसमी पावसालाही तो बऱ्यापैकी लागू पडतो. हवामान विभागाच्या हिशेबात १९७१ ते २०२० या काळाची ही देशव्यापी सरासरी ८७ सेंटिमीटर आहे आणि वर्षागणिक होणारा चढउतार साधारण दहा टक्क्यांचा. हजारो ठिकाणच्या आणि सव्वाशे दिवसांच्या पावसाची बेरीज करताना कमी-जास्त एकमेकांत जिरते, म्हणून हा आकडा इतका शांत दिसतो.

पण बेरीज सोडून एका तालुक्याच्या एका दिवसाकडे पाहिले की घंटा मोडते. पाऊस शून्याखाली जाऊ शकत नाही. बहुतेक दिवस तो शून्यच असतो. पडतो तेव्हा बहुधा थोडा आणि क्वचित प्रचंड. अशा राशीचा वक्र डावीकडे चेपलेला आणि उजवीकडे लांब शेपूट असलेला असतो. म्हणून पावसाळी दिवसांच्या पर्जन्यमानासाठी ‘गॅमा’ वितरण वापरण्याची परंपरा आहे आणि कोरड्या दिवसांचा हिशेब वेगळा ठेवला जातो. दुष्काळाची तीव्रता मोजणारा ‘प्रमाणित पर्जन्य निर्देशांक’ १९९३ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी मांडला, तोही मुळात गॅमा वितरणावर उभा आहे. ठरावीक कालावधीच्या पावसावर आधी गॅमा वक्र बसवायचा आणि मग यंदाचा पाऊस त्या वक्रावर कुठे बसतो ते पाहायचे, अशी त्याची रीत. त्यामुळे कोकणातील आणि माणदेशातील तूट एकाच फुटपट्टीने मोजता येते. उलट ‘सरासरीच्या १९ टक्के कमी-अधिक म्हणजे सामान्य’ हा हवामान विभागाचा नेहमीचा निकष सगळ्या जिल्ह्यांना एकच लागतो. ज्या जिल्ह्यात पाऊस मुळातच लहरी आहे, तिथे २० टक्के तूट ही दर तिसऱ्या-चौथ्या वर्षाची गोष्ट असू शकते. जिथे तो भरवशाचा आहे, तिथे तीच तूट संकटाची खूण ठरते.

वाऱ्यासाठी ‘वायबुल’ कुठून आला?

वालोदी वायबुल हे स्वीडिश अभियंते. १९५१ मध्ये त्यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि एकच सूत्र किती निरनिराळ्या गोष्टींना लागू पडते हे दाखवले. त्या उदाहरणांत पोलादाची ताकद होती, घेवड्याच्या बियांची रुंदी होती आणि चक्क भारतीय कापसाच्या धाग्याची मजबुतीही होती. वारा मात्र त्यात नव्हता. पुढे पवनऊर्जेच्या अभ्यासकांना आढळले की वाऱ्याच्या वेगालाही हे सूत्र छान बसते आणि आज जगभर पवनऊर्जेचा पहिला हिशेब वायबुल वितरणानेच होतो.

या वक्राला दोनच दोऱ्या असतात. एक सांगते की वारा एकंदरीत किती जोराचा आहे. दुसरी, जिला आकारांक म्हणता येईल, सांगते की तो किती एकसारखा वाहतो. दुसरी दोरी का महत्त्वाची, हे साध्या आकडेमोडीने कळते. वाऱ्यातील ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. एका डोंगरावर वारा सतत सेकंदाला ६ मीटर वाहतो : ६ चा घन २१६. दुसऱ्या डोंगरावर तो अर्धा वेळ ३ आणि अर्धा वेळ ९ मीटरने वाहतो. सरासरी तीच ६. पण ३ चा घन २७, ९ चा घन ७२९ आणि दोन्हींची सरासरी ३७८. म्हणजे सरासरी वेग सारखा असूनही दुसऱ्या डोंगरावरच्या वाऱ्यात पाऊणपट अधिक ऊर्जा आहे.

वायबुलच्या भाषेत सांगायचे तर आकारांक २ असेल तेव्हा वाऱ्यातील खरी ऊर्जा ही नुसत्या सरासरीवरून काढलेल्या ऊर्जेच्या १.९१ पट असते. आकारांक ३ असेल तर १.४ पट, आणि १.५ असेल तर २.७२ पट. अर्थात ही सगळी ऊर्जा पवनचक्कीच्या हाती लागत नाही. सेकंदाला तीनेक मीटरखाली पाती विजेसाठी फिरत नाहीत, साधारण १२ मीटरच्या आसपास यंत्र पूर्ण क्षमतेला पोहोचते आणि २५ च्या पुढे ते सुरक्षेसाठी बंद केले जाते. त्यामुळे वारा कोणत्या वेगाने किती तास वाहतो हे कळल्याशिवाय वीज किती मिळेल हे सांगता येत नाही. सरासरी वेग छापून ‘येथे पवनऊर्जेला वाव’ म्हणणारी पत्रके म्हणूनच अपुरी ठरतात.

सह्याद्रीवर हा वक्र नीट बसतो का?

इथे पुस्तकी पद्धत जपून वापरावी लागते. साताऱ्यातील चाळकेवाडी-वनकुसवडेचे पठार किंवा धुळ्यातील ब्राह्मणवेल येथे वर्षात दोन वेगळे वारे वाहतात : नैर्ऋत्य मोसमी काळाचा जोरकस आणि उरलेल्या महिन्यांचा मंद. महाराष्ट्रातील पवनविजेचा मोठा हिस्सा पावसाळ्यातच तयार होतो. या दोन ऋतूंच्या नोंदी एकत्र करून त्यावर एकच वायबुल वक्र बसवला तर तो धड कोणत्याच ऋतूचा राहत नाही. युरोपात, जिथे वारा वर्षभर विखुरलेला असतो, तिथे चालणारी वार्षिक पद्धत जशीच्या तशी उचलली की ही चूक होते. महिन्यागणिक वेगळा वक्र बसवणे किंवा दोन वक्रांचे मिश्रण घेणे हा त्यावरचा उपाय.

दुसरी अडचण नोंदींचीच. जुन्या वेधशाळा वारा जमिनीपासून १० मीटरवर मोजतात. आजच्या पवनचक्कीचा आस १०० मीटर आणि त्याहून वर असतो. दहा मीटरचा वेग वर नेण्यासाठी सर्रास वापरले जाणारे सूत्र लावले तर वेग साधारण १.४ पट होतो आणि घनामुळे ऊर्जा अडीच पटीहून अधिक. मोकळ्या सपाट मैदानासाठीचे हे सूत्र डोंगरधारेवर थोडेही चुकले तरी उत्पन्नाचा अंदाज कोसळतो. तिसरी अडचण शून्यांची. वाट्यांचा वेगमापक मंद झुळुकीत फिरतच नाही आणि ‘शून्य’ लिहितो. वायबुलच्या वक्रात मात्र नेमक्या शून्याला जागाच नाही. ही शून्ये गुपचूप वगळली की वारा कागदावर वाढतो. वक्र बसवण्याआधी नोंदींची अशी झाडाझडती घेणे हे कामातले सर्वात कंटाळवाणे आणि सर्वात मोलाचे काम आहे.

वक्र ‘बसला’ हे ठरवायचे कसे?

वक्राच्या दोऱ्या ओढण्याच्या अनेक रीती आहेत. नोंदींची सरासरी आणि विखुरणे जुळवणे ही सर्वात सोपी. हाती आलेल्या नोंदी ज्या वक्रातून येण्याची शक्यता सर्वाधिक तो वक्र निवडणे, ही आज सर्वाधिक वापरली जाणारी. मग कसोटी लावायची. संगणकाच्या तयार प्रणाल्या डझनभर वितरणे बसवून त्यांची गुणवत्ता यादीच देतात आणि पहिल्या क्रमांकाचे वितरण उचलून अहवाल पूर्ण केला जातो. धोका इथेच आहे. ज्या नोंदींवरून वक्र आखला त्याच नोंदींवर कोल्मोगोरोव्ह-स्मिर्नोव्हसारखी नेहमीची कसोटी लावली तर निकाल फाजील अनुकूल येतो. विद्यार्थ्यानेच प्रश्नपत्रिका काढून स्वतःच तपासावी तसा हा प्रकार. शिवाय नोंदी भरपूर असल्या की बहुतेक प्रत्येक वक्र कसोटीत नापास होतो आणि मोजक्याच असल्या की बहुतेक प्रत्येक वक्र पास.

म्हणून खरा प्रश्न असतो तो वक्र कशासाठी हवा आहे, हा. पवनऊर्जेसाठी मधल्या आणि वरच्या वेगांचे तास अचूक हवेत. पर्जन्यजलवाहिनीसाठी शेपूट अचूक हवी. रिमझिमीच्या दिवसांत वक्र थोडा हुकला तर बिघडत नाही. एकाच नोंदींवर दोन कामांसाठी दोन वेगळे वक्र योग्य ठरू शकतात. नोंदींचा काही भाग बाजूला ठेवून वक्र त्यावर पारखणे आणि ठिपके व वक्र एकाच आलेखावर मांडून शेपटीकडे डोळ्यांनी पाहणे, हे दोन जुने उपाय कोणत्याही गुणांकाइतकेच विश्वासाचे आहेत.

‘शंभर वर्षांतून एकदा’ म्हणजे नेमके काय?

या शब्दप्रयोगाने जितका गोंधळ घातला तितका क्वचितच दुसऱ्या कोणी घातला असेल. त्याचा अर्थ इतकाच की कोणत्याही एका वर्षी ती घटना घडण्याची शक्यता एक टक्का. ‘आता येऊन गेली, पुढची शंभर वर्षे निश्चिंत’ असा त्याचा अर्थ नाही. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात अशी घटना किमान एकदा घडण्याची शक्यता २६ टक्के असते. शंभर वर्षांत ती ६३ टक्के. म्हणजे शंभर वर्षांत ती एकदाही न घडण्याची शक्यताही एक तृतीयांशाहून जास्त उरते.

अशा टोकाच्या घटनांचे गणित वेगळे आहे. ब्रिटनमधील रोनाल्ड फिशर आणि लिओनार्ड टिपेट यांनी १९२८ मध्ये त्याचा पाया घातला. टिपेट हे सूत-कापसाच्या संशोधनसंस्थेत काम करत होते. नाझींचा उघड विरोधक म्हणून जर्मनीतील अध्यापनाला मुकलेले गणिती एमिल गुम्बेल यांनी १९५८ च्या ग्रंथात हे शास्त्र अभियंत्यांच्या हाती दिले. त्यांच्या नावाचे ‘गुम्बेल’ वितरण भारतातील पूर आणि पर्जन्याच्या हिशेबात दशकानुदशके वापरले जात आहे. प्रत्येक वर्षातला सर्वाधिक पावसाचा दिवस घ्यायचा आणि त्या आकड्यांवर हा वक्र बसवायचा.

निव्वळ उदाहरणासाठी एक काल्पनिक केंद्र घेऊ. तिथल्या वार्षिक सर्वाधिक एकदिवसीय पावसाची सरासरी २०० मिलिमीटर आणि प्रमाण विचलन ७५ मिलिमीटर. घंटेच्या वक्राने ‘शंभर वर्षांतून एकदा’चा पाऊस येतो ३७५ मिलिमीटर, गुम्बेलने ४३५ आणि त्याहून जाड शेपटीच्या वक्राने ४७५ च्या आसपास. फरक दिसतो, पण डोळे फिरावेत इतका नाही. आता याच केंद्रावर ९४४ मिलिमीटर पाऊस पडला असे समजू. गुम्बेल सांगेल की ही घटना सुमारे सहा लाख वर्षांतून एकदाची. जाड शेपटीचा वक्र सांगेल सुमारे अडीच हजार वर्षांतून एकदाची. सरासरी तीच, विचलन तेच. फक्त शेपटीचा आकार बदलला आणि उत्तर दोनशेहून अधिक पटींनी बदलले. जेव्हा एखादा वक्र डोळ्यांदेखत घडलेल्या घटनेला ‘सहा लाख वर्षांतून एकदा’ म्हणतो, तेव्हा बहुधा आकाश नव्हे, वक्र चुकलेला असतो. ‘अभूतपूर्व’ या शब्दाआड प्रशासनाने लपण्याआधी हा हिशेब विचारला गेला पाहिजे.

मुंबईच्या गटारांचा धडा कोणता?

मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिनी व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पाऊस गृहीत धरून आखलेली होती. १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ही क्षमता ताशी ५० मिलिमीटर करावी असे सुचवले. बारा वर्षांनी महापूर आला तेव्हा त्यातले बरेचसे काम कागदावरच होते आणि त्या दुपारी सांताक्रूझला एका तासात १९० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने २००६ मध्ये अहवाल दिला. पावसाच्या तीव्रतेचा नव्याने अभ्यास, नद्या-नाल्यांची वहनक्षमता आणि पर्जन्यमापकांचे दाट जाळे यांवर त्यानंतर चर्चा झाली आणि शहरात स्वयंचलित केंद्रे बसलीही.

यावर अभियंत्यांचे एक म्हणणे रास्त आहे : ९४४ मिलिमीटर पेलणारी गटारे कोणत्याच शहराला परवडणार नाहीत. खरे आहे. पण मग किती पाऊस पेलायचा आणि त्यापुढची जोखीम कोणी सोसायची, हा निर्णय गणिताचा राहत नाही, तो लोकांचा होतो. ताशी ५० मिलिमीटर म्हणजे दर किती वर्षांनी कुर्ला, शीव, हिंदमाता पाण्याखाली, हे स्पष्ट आकड्यात सांगितले तर नागरिक त्यावर मत देऊ शकतात. ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ की ‘दोन वर्षांतून तीनदा’ यांतला फरक झोपडीत किंवा तळमजल्यावर राहणाऱ्याला कोणत्याही अर्थसंकल्पीय तरतुदीपेक्षा अधिक कळतो. हा आकडा दडवला की निर्णय तज्ज्ञ आणि ठेकेदार यांच्यातच होतो आणि पाणी तळमजल्यात शिरते.

विजेच्या हिशेबात हा वक्र कुठे येतो?

पवन किंवा सौर प्रकल्पाला कर्ज देताना बँक दोन आकडे विचारते. ‘पी-५०’ म्हणजे जितकी वीज मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी आहे तो आकडा; ‘पी-९०’ म्हणजे ९० टक्के खात्रीने गाठता येईल तो. दहा कोटी युनिटचा पी-५० अंदाज असेल आणि अनिश्चितता दहा टक्के असेल तर पी-९० येतो सुमारे ८.७ कोटी युनिट. कर्जाचे हप्ते या दुसऱ्या आकड्यावर बेतावेत असा संकेत आहे. घोषणा आणि भूमिपूजनाच्या भाषणांत मात्र पहिलाच आकडा येतो, अनेकदा तर निव्वळ स्थापित क्षमता.

रोजच्या व्यवहारातही तेच. दिवसाचे १५-१५ मिनिटांचे ९६ भाग पाडून प्रत्येक भागात किती वीज देणार, हे प्रकल्पाने आधी कळवायचे असते; ठरलेल्या मर्यादेपलीकडे चूक झाली की दंड. अशा वेळी ‘दुपारी तीनला ४० मेगावॉट’ या एका आकड्यापेक्षा ‘३० ते ५० च्या दरम्यान, शक्यता ८० टक्के’ हा अंदाज ग्रीड चालवणाऱ्याला अधिक उपयोगाचा असतो, कारण राखीव वीज किती ठेवायची हे त्यावरून ठरते.

सर्वात मोठी चूक होते ती वक्र सुटेसुटे धरल्याने. ऑगस्ट २०२३ हा १९०१ पासूनचा देशातील सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला. पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी. पावसाने दडी मारली म्हणून कृषिपंप आणि पंखे-वातानुकूलन यांची मागणी वाढली, त्याच वेळी जलविद्युत घटली आणि पावसाळी वाराही मंदावला. मागणीचा वक्र, पाण्याचा वक्र आणि वाऱ्याचा वक्र स्वतंत्र आहेत असे मानून शक्यतांचा गुणाकार केला तर असे त्रिकूट फार दुर्मीळ वाटते. प्रत्यक्षात तिघांचे मूळ एकच : रुसलेला मोसमी वारा. अमेरिकेतील टेक्सासने फेब्रुवारी २०२१ मध्ये हाच धडा थंडीत गिरवला. एकाच शीतलहरीने विजेची मागणी वाढवली आणि गोठलेल्या वायुपुरवठ्यामुळे व वीजकेंद्रांमुळे उत्पादनही पाडले. लाखो घरे दिवसचे दिवस अंधारात राहिली, दोनशेहून अधिक माणसे मेली. आपत्ती एकट्या येत नाहीत ही जुनी समजूत गणितात ‘परस्परावलंबी वितरण’ या नावाने मांडता येते. नियोजनात मात्र ती अजून पुरेशी उतरलेली नाही.

फळबागेच्या विम्याशी याचा काय संबंध?

हवामान आधारित फळपीक विमा योजनेत नुकसानभरपाई झाडावरची फळे पाहून ठरत नाही. ठरलेल्या काळात ठरलेल्या मर्यादेपेक्षा पाऊस कमी-जास्त पडला किंवा तापमान ओलांडले गेले की भरपाई देय होते. ही मर्यादा कुठे ठेवायची आणि हप्ता किती, हे त्या केंद्राच्या जुन्या नोंदींवर बसवलेल्या वक्रावर अवलंबून असते. महाराष्ट्रात ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळांत दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे उभी राहिली, ही मोठी गोष्ट. पण त्यांच्या नोंदी अजून फार जुन्या नाहीत. ‘वीस वर्षांतून एकदा’ येणारी आपत्ती दहा वर्षांच्या नोंदींत एकदाही न दिसण्याची शक्यता ६० टक्के आहे. ती दिसली नाही तर जोखीम कमी आखली जाते. योगायोगाने दोनदा दिसली तर हप्ता अवाच्या सव्वा होतो. शिवाय मंडळाच्या गावी नोंदलेली सर शेजारच्या शिवारात पडलीच असेल असे नाही. सांताक्रूझ आणि कुलाब्याचे २००५ चे आकडे त्याचा टोकाचा पुरावा आहेत. जवळपासच्या केंद्रांच्या नोंदी एकत्र धरून शेपटीचा आकार ठरवण्याच्या पद्धती उपलब्ध आहेत. त्या वापरल्या की नाही, हे शेतकऱ्याला विचारता आले पाहिजे.

जुना वक्र उद्याही खरा राहील?

वक्र बसवण्यामागे एक न बोललेले गृहीतक असते : निसर्गाचा स्वभाव बदलत नाही. २००८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात जलतज्ज्ञांच्या गटाने हे गृहीतक मृत झाल्याचे जाहीर करून टाकले. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते, त्यामुळे मुसळधार पावसाची शेपूट जाड होत जाते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. अशा वेळी साठ वर्षांच्या नोंदी एकसारख्या मानून काढलेला ‘शंभर वर्षांतून एकदा’चा आकडा आज कदाचित चाळीस-पन्नास वर्षांतून एकदाचा झालेला असू शकतो. वक्राच्या दोऱ्या काळानुसार सरकू देणे हा गणिती उपाय आहे. मात्र थोड्या नोंदींवर अधिक दोऱ्या ओढल्या की अनिश्चितताही वाढते. ती लपवायची नसते, सांगायची असते.

मग करायचे काय?

यातले काहीच अशक्य नाही. सार्वजनिक पैशाच्या प्रत्येक पूल, नाला, धरण आणि वीजप्रकल्पाच्या अहवालात चार ओळी सक्तीच्या कराव्यात : कोणत्या केंद्राच्या किती वर्षांच्या नोंदी घेतल्या, कोणते वितरण बसवले, दुसरे वितरण घेतले असते तर आकडा किती बदलला असता आणि अंदाजाची खालची-वरची मर्यादा काय. हा हिशेब दर दहा वर्षांनी नव्या नोंदींसह पुन्हा करावा. हवामान विभागाने १९०१ पासूनच्या पावसाच्या चौकटवार दैनंदिन नोंदी पुण्याहून खुल्या करून चांगला पायंडा पाडला आहे. तासागणिक पाऊस, पवनमनोऱ्यांवरचे वेग आणि विम्याच्या मर्यादा ठरवणाऱ्या केंद्रांच्या नोंदी यांनाही तोच न्याय लागावा. सवलती आणि जमीन घेऊन उभ्या राहिलेल्या प्रकल्पांनी काही वर्षांनंतर तरी आपल्या वाऱ्याच्या नोंदी सार्वजनिक केल्या तर पुढच्या डोंगरावरचा अंदाज सुधारेल.

वक्र कितीही नेटका बसवला तरी तो भाकीत करत नाही; जोखमीला आकडा देतो, इतकेच. तो आकडा उघड असला तर चुकीचा वक्र एखादा विद्यार्थी, निवृत्त अभियंता किंवा जागरूक नगरसेवकही पकडू शकतो. बंद फायलीत असला तर त्याची चूक पावसालाच दाखवून द्यावी लागते आणि तिची किंमत मोजतो तो तळमजल्यावरचा रहिवासी, बांधावरचा बागायतदार आणि वीजबिल भरणारा ग्राहक. पुढच्या वेळी कोणी ‘शंभर वर्षांतून एकदा’ म्हणेल तेव्हा त्याला लगेच दोन प्रश्न विचारायला हवेत : कोणत्या नोंदींवरून आणि कोणत्या वक्राने?